उतरती गोम

शांतवन पगारेला जगातल्या फार थोड्या गोष्टी पसंत होत्या आणि त्यातली एकही घोडेगावात नव्हती. पाणी मचूळ, माणसं अडाणी, आणि बाजाराच्या दिवशी धूळ इतकी की चहातही दाताखाली कचकच. नगरच्या मिशन बोर्डिंगात शिकलेला हा गृहस्थ गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. लोक त्याला डॉक्टर म्हणत. लोकांच्या सगळ्या चुका तो सुधारायचा, ही तेवढी त्याने कधी सुधारली नाही.

बाजारतळाच्या फाटकाशी उभं राहायचं, आत येणारं जनावर तपासायचं आणि ते निरोगी दिसलं तर शिंगाला गेरूचा पट्टा ओढायचा, हे त्याचं बाजारचं काम. पट्ट्याशिवाय जनावर विकता येत नसे. लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्याने डोळ्यात फूल पडलेल्या एका बैलाला पट्टा ओढला. घेणाऱ्याने गावभर बोंब मारली. नगरहून मोठे डॉक्टर आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "पगारे, आधी स्वतःचे डोळे तपासा. पुन्हा असं झालं तर बाजार तुमच्याकडे राहणार नाही."

बाजार गेला की डॉक्टरकी गेली. मग उरणार तो पिचकाऱ्या धुणारा शांत्या. त्या विचारासरशी तो मुकाट नगरला गेला. डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं की तुमचं बुबुळ गोल नाही, किंचित लांबट आहे, म्हणून आडव्या रेघा नीट दिसतात आणि उभ्या फुटतात. भिंगारच्या दुकानात चष्मा तयार झाला. दुकानदाराने तो नाकावर बसवला. "थोडे दिवस जमीन कलल्यासारखी वाटेल," तो म्हणाला. "काढू मात्र नका. सवय होते."

जमीन कललीच. घराचा उंबरा एका बाजूने वर गेला, दाराची चौकट अंगावर झुकली. आमटी सांडेल या धास्तीने तो ताट हाताने धरून जेवू लागला. रस्त्याने चालताना पाय उगीच उंच पडे. पारावर बसलेल्यांना आयतीच करमणूक झाली. "डाक्टर वढ्यातून चालल्यात जनू," कुणीतरी म्हणालं. शांतवनने वळून बघितलं. सगळी तिरपी माणसं. चष्म्याशिवाय तरी ती कुठे सरळ होती, असं मनात म्हणून तो पुढे गेला.

घरी बायको होती, दया. वडाळ्याच्या ख्रिस्ती शेतकऱ्याची मुलगी, प्रार्थना तोंडपाठ, पण जिभेवरचं गाव काही गेलं नव्हतं. कुणी विचारायला आलं की ती दारातून सांगे, "धनी दवाखान्यात गेल्यात." हा शब्द शांतवनच्या डोक्यात जाई. "धनी बैलाला असतो," तो म्हणे, "बाईला नवरा असतो." दया "व्हय" म्हणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धनीच.

जनावराच्या अंगावर उलट्या फिरलेल्या केसांची बारीक रेघ असते, तिला गोम म्हणतात. ती मानेकडे चढत गेली तर घरात बरकत, शेपटीकडे उतरत गेली तर जनावराचा धनी जातो, अशी या लोकांची समजूत. असल्या रेघेपायी उमदी जनावरं मातीमोल होताना शांतवनने पाहिली होती आणि विकणाऱ्या आणि घेणाऱ्या, दोन्ही मूर्खांना तो मनसोक्त हसला होता.

चष्मा आल्यानंतरच्या पहिल्याच बाजारी श्रीमंत नावाचा माणूस पांढरी गाय घेऊन फाटकाशी आला. नावाने श्रीमंत, अंगात ठिगळांची बंडी. शांतवनने गाईचे डोळे पाहिले, दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला आणि तो थबकला. गाईच्या पाठीवरून शेपटीकडे एक काळसर रेघ उतरली होती. केस दोन्हीकडे दुभंगलेले, भांग पाडावा तसे.

त्याने चष्मा काढला. पाठ स्वच्छ पांढरी होती.

काचेवर चरा असणार. त्याने काच सदऱ्याला पुसली आणि चष्मा पुन्हा घातला. रेघ होती. मान हलवली. काचेवरचा चरा मानेबरोबर सरकायला हवा, ही सरकली नाही. गाय चालू लागली तशी रेघ गाईबरोबर गेली. "भिंगारचा माल, दुसरं काय," असं पुटपुटत त्याने गाईच्या शिंगाला पट्टा ओढला.

पुढच्या बाजाराला तीच गाय श्रीमंतच्या भावाने आणली. "श्रीमंत कुठंय?" शांतवनने विचारलं.

"गेला की. बसल्या जागी गेला. धन्याबिगर गाय ठिवून काय करायची?"

उपाशी माणसं अशीच जायची, असं म्हणून शांतवनने ते डोक्यातून काढून टाकलं. गाईच्या पाठीवर त्या दिवशी चष्म्यातूनही काही दिसलं नाही.

त्याच दुपारी तो लिंबाखाली चहा पीत बसला असताना राहीबाई आली. तिच्या नवऱ्याने, गहिनीनाथने, एक खिलारी बैल पसंत केला होता आणि तो कासरा धरून लांब उभा होता.

"डाक्टर, बैलाला गोम हाय का तेवढं बघा. आमच्या धन्याला लई आवडलाय, पर माझं मन धजत न्हाई."

"असली तर काय होतं?"

"उतरती असली तर धनी जातो."

"कोणाचा धनी? बैलाचा की तुझा?"

राहीबाईला यातली थट्टा कळलीच नाही. "एकच की वो त्ये," ती म्हणाली.

शांतवन उठला. बैलाच्या वशिंडापासून शेपटीपर्यंत रेघ होती, गाईच्या रेघेहून ठळक. त्याने चष्मा काढून बघितलं. काही नाही. पुन्हा घालून बघितलं. राहीबाई त्याच्या हाताकडे बघत होती.

काय सांगणार होता तो? मिशनमध्ये शिकलेल्या पगारेला गोमा दिसतात, असं संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं असतं. मोठ्या डॉक्टरांच्या कानावर गेलं असतं की पगारेचे डोळे अजून बिघडलेलेच आहेत.

"काही नाही," तो म्हणाला. "खुशाल न्या."

दोन दिवसांनी गहिनीनाथ तो बैल मोटेला जुंपायला गेला आणि विहिरीच्या काठावर बसला तो बसलाच. अंगावर ओरखडा नव्हता. बैल त्याच्याकडे पाठ करून रवंथ करत उभा होता.

बारावं उरकल्यावर राहीबाई शांतवनच्या दारात आली. ती रडत नव्हती.

"तुमाला दिसली हुती," ती म्हणाली. "चष्मा काढून परत बघितलंत, तवाच मला कळाय पायजे हुतं."

"अडाणीपणा आहे हा सगळा. काही नव्हतं तिथे."

राहीबाईने त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्यामागे उभ्या असलेल्या दयाकडे बराच वेळ बघितलं आणि ती निघून गेली.

शांतवनला भीती वाटली. भीती वाटली म्हणून स्वतःचाच राग आला. तो तडक भिंगारला गेला. दुकानदाराने काचा उजेडात धरल्या, फिरवल्या. चरा नव्हता. नंबर बरोबर होता.

"जमीन अजून कलते?" दुकानदाराने विचारलं.

शांतवनने खाली बघितलं. दुकानाची फरशी सपाट होती. कधीपासून सपाट होती ते त्याला आठवेना.

"झाली बघा सवय," दुकानदार म्हणाला.

चष्मा फेकून द्यावा असं त्याच्या मनात आलं. पण चष्मा गेला की बाजार जाणार होता. तो चष्मा घालूनच घोडेगावला परतला.

रविवारची सकाळ होती. उपासनेला जायचं म्हणून त्याने धुतलेला कोट चढवला. दया न्हाऊन चुलीपुढे बसली होती. ओले केस तिने वाळण्यासाठी पुढे सोडले होते आणि वाकून ती चूल फुंकत होती. तिची मान उघडी होती.

मानेवर रेघ होती.

केसांच्या मुळाशी सुरू होऊन मणक्यावरून खाली चोळीत उतरत गेलेली. लव दोन्हीकडे दुभंगलेली.

त्याने चष्मा काढला, घडी केली, कोटाच्या खिशात ठेवला. मग पुन्हा बघितलं.

रेघ तशीच होती.

दयाचं काही बरंवाईट होणार, असं पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, आणि त्यालाही न कळत त्याला हायसं वाटलं. माणूस आहे ती, जनावर नव्हे. तिला कुठला आलाय...

"डाक्टर हायेत का?" बाहेरून कुणीतरी हाक दिली.

दया चूल फुंकायची थांबली. मान न वळवता तिने सांगितलं,

"हायेत की. धनी अजून घरातच हायेत."