टिल्लूवर रंग बसेना

टिल्लू बोटीवरून परत येईल तेव्हा टेबलाभोवतीची पाचही माणसं रंगवून तयार हवीत, असं ताईने ठरवलं होतं. आणि ताईने एकदा मनावर घेतलं की तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे.

टिल्लू तिचा धाकटा भाऊ. नाव टिल्लू, उंची सहा फूट, मालवाहू बोटीवर इलेक्ट्रिशियन. सुट्टीवर आला की तासन्‌तास मान खाली घालून अंगठ्याएवढी माणसं घडवायचा आणि साच्यातून रेझिनमध्ये ओतून काढायचा. गेल्या सुट्टीत त्याने घरचं जेवणाचं टेबल केलं. आई, बाबा, आत्या, ताई आणि तो स्वतः. आई-बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्याने त्यांना त्यांच्या खुर्च्यांवर बसवलंच. "परत आल्यावर रंगवतो," म्हणून गेला, आणि साडेतीन महिन्यांपूर्वी त्याच्या बोटीचा संपर्क तुटला. कंपनीचा माणूस फोनवर एवढंच म्हणे, "शोध चालू आहे." ते ऐकून ऐकून ताईला वीट आला होता. हातावर हात ठेवून बसली असती तर वेड लागलं असतं तिला.

रंगांच्या दुकानात जाऊन तिने सगळ्यात बारीक ब्रश मागितला.

"सगळे करतात तीच चूक करताय," म्हातारा दुकानदार म्हणाला. "एवढ्याशा केसांत रंग राहतो कुठे? बाहुलीपर्यंत पोचेस्तोवर वाळतो. हा एक नंबर घ्या. पोट भरलेलं, टोक सुईसारखं."

"काका, तीस वर्षं खोट्या दातांना खऱ्या दातांची छटा देतेय मी. ब्रश मला शिकवू नका."

"बरं, नाही शिकवत. पण घ्या एक नंबरच."

ताईने मुकाट्याने घेतला, कारण म्हातारा बरोबर होता. सोबत रंगाखाली द्यायचा करडा प्रायमर, पाण्यात कालवायचे नऊ रंग, आणि चमच्या-वाट्यांच्या चंदेरी रंगासाठी एक स्वस्तातला ब्रश. चंदेरी रंगाने चांगल्या ब्रशची वाट लागते, हे तिला म्हाताऱ्याच्या आधी माहीत होतं.

आई-बाबा दोन दिवसांत झाले. रंग असा बसला की बाबांच्या स्वेटरची वीण दिसू लागली. ताई स्वतःवरच खूश झाली. मग तिने टिल्लू उचलला, शर्टावर निळ्याचा पहिला हात दिला, आणि रंग गोळा झाला. थेंब थेंब होऊन घरंगळला आणि खाली कागदावर पडला. शर्ट कोराच.

साच्याचं तेल राहिलं असणार, ताईने ताडलं. साबणाने धुतला, वाळवला, प्रायमर दिला. प्रायमरही घरंगळला. पुन्हा धुतला. स्पिरिटने पुसला. रंग बदलला, ब्रश बदलला. मग आत्या घेतली, तीच गत. स्वतःची बाहुली घेतली, तीच गत.

"काय कटकट आहे!" ती दुकानात जाऊन ओरडली. "पाचही एकाच बाटलीतल्या रेझिनच्या. दोघांवर बसतो, तिघांवर नाही?"

दुकानदाराने बराच वेळ भिंगातून पाहिलं. "बाई, असं कधी बघितलं नाही मी," तो म्हणाला, आणि बाहुल्या पटकन परत केल्या.

पण ताई हटली नाही. रोज कामावरून आली की तिघांवर एकेक हात देऊन बघायची. एका बुधवारी चार वाजता आत्याच्या ओढणीवर पिवळा टेकवला, आणि तो बसला. अगदी अलगद, कडेपर्यंत. ताईने टाळीच वाजवली. ओढणी झाली, केस झाले, हात झाले. सहा वाजता आत्याच्या शेजारणीचा फोन आला. आत्या दुपारी झोपली ती उठलीच नव्हती. डॉक्टर म्हणाले, चारच्या सुमारास.

ताई रडली, सगळे सोपस्कार उरकून आली, आणि आठवडाभर टेबलाकडे फिरकली नाही. मग एका सकाळी तिने खुर्ची ओढली आणि टिल्लूच्या शर्टावर निळा हात दिला.

रंग घरंगळला.

तिला इतकं हलकं वाटलं की ती एकटीच मोठ्याने हसली. त्या दिवसापासून रोज सकाळी एक थेंब. कंपनीचा माणूस आता हळू आवाजात कागदपत्रांविषयी बोलू लागला होता. "कसली कागदपत्रं?" ताई त्याला झापायची. "माझा भाऊ धडधाकट आहे. शोधा त्याला!"

आणि शोधला त्यांनी. सहाव्या महिन्यात, एका शनिवारी, टिल्लू दारात उभा राहिला. वाळलेला, दाढी वाढलेली, पण टिल्लूच. ताई त्याच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली.

"अगं, कवळी पडेल तुझी," तो म्हणाला.

"माझे दात खरे आहेत, मेल्या!"

तो खूप बोलला नाही. थकलोय म्हणाला आणि आपल्या जुन्या खोलीत जाऊन झोपला. ताईने दार हळूच लावून घेतलं.

सकाळी ती सवयीने टेबलाशी बसली. आता खरं तर गरज नव्हती. ब्रश पाण्यात बुडवला, टोक जुळवलं, निळा घेतला आणि शर्टावर टेकवला.

रंग बसला.

तिने ओल्या फडक्याने पुसला. निघाला नाही. स्पिरिट लावलं. निघाला नाही.

रंगात काही बिघाड असेल. तिने त्याच ब्रशने, त्याच बाटलीतला निळा स्वतःच्या बाहुलीवर टेकवला. थेंब गोल झाला, घरंगळला, कागदावर पडला.

ताईने ब्रश खाली ठेवला. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं.

"ताई," बंद दारामागून टिल्लूचा आवाज आला, नेहमीसारखा, चेष्टेखोर. "पहिला हात बसला ना? घाई नको करूस. नीट वाळू दे, मग दुसरा दे."

एवढे महिने तिने त्याची वाट पाहिली होती. आता काही झालं तरी त्याला परत जाऊ द्यायचं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. उठून तिने बाहेरच्या दाराला आतून कडी घातली, कुलूप लावलं, आणि रंग वाळायची वाट बघत बसली.