दोन महिने आधीच

पहिल्याच भेटीत तो माझ्या अंगावर कोसळला! बेफाम घोड्यांना वठणीवर आणणारा हा सहा फुटी ओर्गिल... माझ्या हातातली सुई बघितली आणि घेरी येऊन पडला. दवाखान्यातल्या बाकावरच्या बायका पोट धरून हसल्या.

"सिस्टर, बाहेर बोलू नका हं," शुद्धीवर येत तो पुटपुटला. "माझे घोडे ऐकतील."

"नाही बोलत. पण दर सहा महिन्यांनी रक्त द्यायला यायचं."

त्याचे वडील लिव्हरच्या कॅन्सरनं गेले होते, आणि त्यांच्यासारखीच त्याच्या रक्तातही हिपॅटायटिस बी, म्हणजे काविळीचा विषाणू, होता. आमच्या या माळरानावर तो बऱ्याच घरांत आहे. लिव्हरमध्ये गाठ झालीच, तर ती दुखायला लागण्याआधीच रक्तातला एक आकडा चढू शकतो, तो बघायची ही तपासणी.

एप्रिलमध्ये तो धुळीनं माखून आला. माझ्या टेबलावर वाळवलेल्या दह्याचे खडे ठेवले आणि हात पुढे केला. नजर मात्र माझ्यावर!

"तिकडे बघा ना."

"तिकडे बघितलं की घेरी येते. इकडे बघितलं की... वेगळीच येते."

इश्श! मी खाली मान घालून पटकन सुई टोचली. आकडा चांगला आला. तो कळवायला मी फोन केला — खरं तर काही गरज नव्हती.

आणि ऑगस्टमध्ये स्वारी अचानक दारात! नवाकोरा निळा अंगरखा, केस चापूनचोपून बसवलेले.

"रक्त घ्या, सिस्टर."

"अजून दोन महिने आहेत!"

"जेवण जात नाही हो. उजव्या कुशीत जड जड वाटतं..."

"आणि झोप?"

"ती तर एप्रिलपासूनच उडालीय."

बायका फिदीफिदी हसल्या. मला मेलीला वाटलं, बहाणा! लाजून लाल झाले मी. त्याला दाराकडे ढकलत म्हणाले, "नियम म्हणजे नियम. ऑक्टोबरमध्ये या. तेवढा दम काढा की!"

तो हसला... आणि गेला. किती खूश होते मी त्या दिवशी!

ऑक्टोबरचा आकडा मी तीनदा वाचला. राजधानीतल्या, उलानबातरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी बघून सांगितलं, ऑपरेशनची वेळ गेली.

"ऑगस्टमध्ये कळलं असतं तर?" मी विचारलं.

"कदाचित," ते म्हणाले.

आता सुट्टी मिळाली की मी त्याच्या तंबूवर जाते. त्याची आई चुलीपाशी मटणाचं पाणी उकळत असते, मी त्याला चमच्यानं भरवते. काल मला राहवलं नाही.

"ओर्गिल, खरं सांग. ऑगस्टमध्ये दुखत होतं ना रे?"

"छे गं! बहाणा होता तो. तुला बघायला आलो होतो... आवडतेस मला, वेडे, दुसरं काय!"

आवडते, हे खरंच होतं. पण जुलैपासून तो कूस दाबून धरायचा, हे त्याच्या आईनं मला आधीच सांगितलं होतं. तरी मी म्हणाले, "वाटलंच मला, लबाड!"

तो इतका खूश झाला, इतका... की मला रडताही येईना.