उंबरमाळचं थंड कुंड

बहिरू भोये बसायला तयार नव्हता. द्राक्षबागेतली छाटणी अर्धी टाकून तो नाशकात इंदिरानगरला आला होता आणि खासगी तपासनीस वेदिका पिंगळेच्या ऑफिसात दाराशीच उभा राहून बोलत होता.

"गावातलं गरम पान्याचं कुंड थंड झालं. गाव म्हनतो, माझ्या बायकोनं बाटवलं."

"मग मी काय करू? पाणी तापवून देऊ?" वेदिका म्हणाली. सकाळपासूनचा हा तिसरा अशील. पहिल्याला हरवलेला पोपट हवा होता, दुसरीला जावयाच्या मोबाइलची तपासणी.

"घटस्थापनेला ज्योत्स्ना समद्यांच्या आधी पान्यात उतरली. पानी गार. पुजारी हिरामण गावित म्हनला, ही विटाळशी असताना उतरली, देवी कोपली. तवापासून तिला शेतातल्या झोपडीत ठेवलीय. दसऱ्याला गाव बसनार अन् तिला कायमची माहेरी धाडनार."

"पोलिसांत गेलात?"

"ती नको म्हनते. तिला घरी जायचंय, मॅडम. कोर्टात नाय."

दसऱ्याला तीन दिवस होते. वेदिकाने कपाळ चोळलं आणि गाडीची किल्ली उचलली.

तिचे सहकारी पगारेकाका, निवृत्त पोस्टमास्तर, गाडीत बसले तेव्हा त्यांच्या काखेत पंचा होता.

"हे काय?"

"गंधकाचं पाणी पाठीला चांगलं असतं म्हणतात."

"काका, पाणी थंड झालंय म्हणूनच आपण चाललोय."

"अगं, पण थोडंफार कोमट असेल की."

बहिरूला मागे बसवून सुरगाण्याच्या बाजूला डोंगरात तीन तास खड्डे खात गेल्यावर उंबरमाळ आलं. कुंड गावाच्या वरच्या अंगाला होतं. पायऱ्या नव्या, तळ गुळगुळीत, सिमेंटचा. एका कडेच्या दगडी गोमुखातून ओढ्याचं पाणी पडत होतं.

काकांनी हात घातला आणि निराश होऊन काढला. "गारच आहे. पण हे बघ, बेडकाची पिल्लं. एकेकाला मागचे पाय फुटलेत."

"आपण सहलीला आलेलो नाही," वेदिका म्हणाली. पण मग स्वतःच वाकून बराच वेळ पाण्यात बघत राहिली.

हिरामण गावित पन्नाशीचा, कपाळभर कुंकू. कुंडाच्या दाराची किल्ली त्याच्या कमरेला होती.

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून कुंड बंद व्हतं. पायऱ्या अन् तळ नवा केला. कुलूप माझंच."

"घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पाणी कसं होतं?"

"कढत. हात घालवत नव्हता. म्या सोता पाह्यलं. सकाळी ही उतरली अन् पानी गार. तुम्ही बाई हायेत, तुम्हीच विचारा तिला, शिवायचं नव्हतं ना म्हनून."

"तो प्रश्न मी विचारणार नाही," वेदिका म्हणाली. "पाण्याला त्यातलं काही कळत नाही."

शेतातल्या झोपडीत ज्योत्स्ना नागली पाखडत होती. तिची सासू चिमणाबाई गावाची नजर चुकवून भाकरी घेऊन आली होती. वेदिका समोर बसली तरी ज्योत्स्नाचं सूप थांबलं नाही.

"तू पाण्यात का उतरलीस?"

"हिरामणबाबांनीच सांगितलं. म्हनले, घटाचं पानी तू आण."

"दरसाल कोण आणतं?"

"हिरामणच," चिमणाबाई म्हणाली. "त्याच्या बापापास्नं तेंचाच मान. औंदा म्हनला, कंबर धरलीय. मला वाटलं, सुनंला मान भेटला." तिने पदराने डोळे पुसले. "ही तर जोडवी काढून, हात जोडून उतरली व्हती."

"जोडवी का काढली?"

"समद्याच काढतात. त्या पान्यात चांदी काळी पडते."

बाहेर मोटरसायकल थांबली. ललित चौधरी नावाचा तिशीतला शेतकरी तावातावाने आत आला.

"तुम्ही तपासाला आलात ना? मग माझाही तपास करा. शेततळ्यातले मासे मेले, सगळेच्या सगळे. कुणीतरी विष टाकलं. महिनाभर ओरडतोय, पण गावाला त्या कुंडापुढे काही सुचत नाही."

"कधी मेले?"

"पोळ्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी."

त्याचं शेततळं कुंडाच्या बरोबर खालच्या उतारावर निघालं. वरच्या कोपऱ्यात पाणी गढूळ होतं आणि दुर्गंधी सुटली होती. मेलेल्या माशांचीच, असं ललितचं म्हणणं. काकांनी बाही सारून त्या कोपऱ्यात हात घातला, गाळ चिवडून मूठभर बाहेर काढला. थोड्या वेळाने ते स्वतःच्या बोटाकडे बघत राहिले.

"वेदिका, माझी अंगठी काळी पडली. चांदीची आहे. विषच असणार. मी हात धुऊ कुठे?"

"साबणाने धुवा आणि गप्प बसा," ती म्हणाली, पण आता तिचा आवाज बदलला होता.

रेंज मिळायला तिला टेकडी चढावी लागली. कुंडाचं काम केलेला ठेकेदार कारभारी आव्हाड सिन्नरला राहायचा. तो फोनवरच उखडला.

"माझ्या कामात खोट नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तळ ओतला. तळाला भेगा होत्या, त्या बुजवल्या. पाणी काय, गोमुखातून येतं."

"तुम्ही जागेवर होतात?"

"मला चार ठिकाणची कामं असतात, ताई. गवंडी होता. आणि पुजारी उभा होता, तो दाखवेल तसं केलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वेदिकाने ज्योत्स्नासकट सगळं गाव कुंडावर जमवलं. सगळे उन्हात ताटकळत होते आणि वेदिकालाही त्यांचा कंटाळा आला होता.

"मला एकदाच सांगायचंय, नीट ऐका. हिरामण म्हणतात, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पाण्यात हात पोळत होता. या पाण्यात बेडकाची पिल्लं आहेत, पाय फुटलेली. एवढं वाढायला त्यांना तीन-चार आठवडे लागतात. कढत पाण्यात ती एक दिवस जगली नसती. म्हणजे ज्योत्स्ना उतरली त्याच्या किती तरी आधी पाणी गार झालं होतं."

लोक पायऱ्यांवरून वाकून बघू लागले.

"गोमुखातून येतं ते ओढ्याचं गार पाणी. गरम पाणी तळातल्या भेगांतून यायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या भेगा सिमेंटने बुजवल्या. पाण्याने दुसरी वाट शोधली आणि चार दिवसांत ते खाली ललितच्या शेततळ्यात फुटलं. त्या गरम, गंधकाच्या पाण्याने मासे मेले. विष कुणी टाकलेलं नाही. कुंडात जोडवी काळी पडायची, तशी काल काकांची अंगठी त्या तळ्यात काळी पडली."

"तरीच तो कोपरा कोमट लागायचा," ललित म्हणाला. "मला वाटलं, उन्हानं."

"चूक कुणाकडूनही होते," वेदिका हिरामणकडे वळली. "पण किल्ली एकट्या तुमच्याकडे होती. महिनाभर तुम्ही रोज गार पाणी बघत होतात. ते ठाऊक नसतं, तर बापापासूनचा मान तुम्ही सोडला नसता. त्या सकाळी कुणीतरी दुसरं आधी उतरायला हवं होतं. नवरा कामाला नाशकात, माहेर लांब, बाजूने बोलायला म्हातारी सासू. तुम्ही माणूस बरोबर निवडलंत."

हिरामणने किल्ली कमरेची काढून पायरीवर ठेवली. "भेगांतून गाळ यायचा," तो हळू म्हणाला. "वाटलं, तळ साफ दिसंल. पानी काय, देवी आणंलच. मंग आलंच नाय. गावानं मला जितं सोडलं नसतं."

"म्हनून माझ्या सुनंला धरलं," चिमणाबाई म्हणाली.

ललितने पहार आणली. बहिरू आणि आणखी चौघे गुडघाभर पाण्यात उतरले. काकांनी बादलीभर बेडकाची पिल्लं ओढ्यात नेऊन सोडली. दुपारी तळाचा तुकडा सुटला, बुडबुडे आले आणि बहिरूने झटक्यात पाय उचलला. पाणी पोळत होतं. गावाने देवीचा जयजयकार केला.

वेदिका गाडीत जाऊन बसली. तिला भूक लागली होती.

चार जाणती माणसं ज्योत्स्नापुढे आली. त्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्याने हात जोडले. "पोरी, चुकलं आमचं. चल घरी."

ज्योत्स्नाने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

"अन् आज पानी फुटलं नसतं तर?"

वडीलधाऱ्याने जोडलेले हात खाली घेतले. मग तिने सासूचा हात धरला आणि गावातून, मधल्या वाटेने, घराकडे चालू लागली. तिला वाट देण्यासाठी माणसं बाजूला होत गेली.