कढई न चढवता

एक वाजून गेला तरी दाराची बेल वाजली नव्हती, आणि ती का वाजत नाही हे त्या घरात फक्त दिगंबररावांना माहीत होतं.

जेवणाच्या टेबलावर चार फुटांची लाकडी फळी मांडलेली होती. तिच्यावर त्यांच्या सुनेनं, नूपुरनं, सकाळी सहापासून खपून नाताळचं झाड रचलं होतं. हिरव्या द्राक्षांच्या आणि काकडीच्या फांद्या, त्यांत डाळिंबाचे दाणे, न्यू मार्केटातून आणलेल्या खारट बंडेल चीजच्या चकत्या, दार्जिलिंगच्या संत्र्यांच्या फोडी, बुंध्याच्या जागी खजुराच्या नव्या गुळाचे संदेश आणि शेंड्यावर सफरचंदाची चांदणी. एका टोकाला सलामीच्या, म्हणजे मांसाच्या पातळ कापांच्या, घड्या होत्या. शाकाहारी माणसांचा हात चुकून तिकडे जाऊ नये म्हणून मध्ये अक्रोडांचं कुंपण होतं आणि चिमटाही वेगळा ठेवला होता.

"ट्रॅफिक असेल," नूपुर म्हणाली. "नाताळचा बडोदिन आहे, पार्क स्ट्रीटकडे आज मुंगीला जागा नसेल."

"मीनाक्षीताई आपल्याच ब्लॉकात राहतात," सुश्रुत म्हणाला. "त्यांना कसला ट्रॅफिक? मी प्रभाकरकाकांना फोन लावतो."

"नको," दिगंबरराव घाईनं म्हणाले. "येतील. बोलावलंय ना, मग सारखं विचारू नये."

मुलानं फोन खाली ठेवला. दिगंबररावांनी वर्तमानपत्र उघडलं आणि एकच ओळ तीनदा वाचली.

दोन दिवसांपूर्वी ते कोपऱ्यावरच्या बागेत जाऊन बसले होते आणि तिथल्या बाकावरून त्यांनी बोलावलेल्या चारही घरी फोन केले होते. त्यांच्या पत्नीला, शकुनला, जाऊन नऊ महिनेही झाले नव्हते... एप्रिलमध्ये ती गेली, गणपती आणले नाहीत, दिवाळीला आकाशकंदील माळ्यावरच राहिला, आणि आता या घरात नाताळची पार्टी? नूपुरनं विचारलं तेव्हा ते फक्त "तुमचं घर आहे" एवढंच म्हणाले होते. पण त्या दिवशी ती फोनवर मैत्रिणीला "शेंड्यावर काय लावू गं?" असं विचारून हसली, आणि ते हसणं त्यांना सहन झालं नाही. शकुनच्या स्वयंपाकघरात उभं राहून हसत होती ती.

"वर्षाच्या आत असलं काही नको, असं ठरलंय आमचं," त्यांनी प्रत्येकाला सांगितलं होतं. "नूपुरलाच ते बरोबर वाटत नाहीये, पण बोलावून बसली, आता नाही म्हणायचा संकोच वाटतो तिला. तुम्ही तिला फोन करू नका, ओशाळेल."

"बरं झालं सांगितलंस," प्रभाकर म्हणाला होता. "आम्हालाही कसंतरीच वाटत होतं." त्या एका वाक्यावर दिगंबरराव दोन दिवस समाधानात होते.

आता ते समाधान कुठे गेलं होतं कोण जाणे. नूपुर मलमलचं ओलं फडकं पिळून आणत होती, चीज वाळू नये म्हणून फळीवर पसरत होती, पाच मिनिटांनी कोपरा उचलून बघत होती. सफरचंदाच्या चांदणीवर तिनं दोनदा लिंबू चोळलं. तरी कडा तांबूस व्हायला लागल्या होत्याच.

दीड वाजला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, ते येईपर्यंत एक काम कराल? माझ्या कपाटात खालच्या खणात पिशवी आहे, तेवढी आणता? जड आहे थोडी."

पिशवीत स्टीलचे चार डबे होते, घासून लख्ख केलेले. दिगंबररावांनी एक बाहेर काढला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलं होतं... सौ. सुलभा प्रभाकर. दुसऱ्यावर मीनाक्षी. तिसरा गुरुदत्तांकडचा, चौथा श्यामलाताईंचा.

"हे आपल्याकडे कसे?" त्यांनी विचारलं.

नूपुर हात पुसत बाहेर आली. "आई दवाखान्यात होत्या तेव्हाचे. चाळीस दिवस या चार घरांनी पाळ्या लावून डबा पोचवला. तुम्ही रोज जेवत होतात की त्यातून."

जेवत होते. दवाखान्याच्या जिन्यातल्या बाकावर बसून चाळीस दिवस ते जेवले होते, आणि भाजी कुणाकडची हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

"शेवटच्या आठवड्यातले हे चार राहून गेले," नूपुर म्हणाली. "त्याआधीचे सगळे रिकामेच परत गेले. दवाखान्यात भरून देणार तरी काय? पण आईंना ते फार लागलं होतं. पडल्यापडल्या मोजत होत्या. मला म्हणाल्या, 'चाळीस दिवस रिकामे डबे परत जाताहेत गं नूपुर, लाज वाटते मला. माझ्यामागे एकदा तरी भरून पाठव, आणि नुसते पाठवू नकोस, त्यांना घरी बोलावून दे.'"

दिगंबरराव डबा हातात धरून तसेच उभे राहिले.

"मी दिवाळीची वाट बघत होते. पण आपल्याकडे वर्षाच्या आत घरात तळण करत नाहीत, गोडधोड करत नाहीत. संक्रांतीलाही तेच. मग म्हटलं, जो सण आपला नाहीच त्याला कसली आडकाठी?" ती जराशी हसली. "कढई चढवली नाही हं बाबा. बघा, यात तळलेलं काही नाही. संदेशसुद्धा विकतचे. गॅसच पेटवला नाही सकाळपासून. नुसतं कापलं आणि मांडलं."

त्यांनी फळीकडे बघितलं. सकाळपासून ते त्या फळीभोवती वावरत होते, पण त्यांना त्यात फक्त सलामी दिसली होती.

"मला का नाही सांगितलंस?"

उत्तर सुश्रुतनं दिलं. "कसं सांगणार बाबा? आईचं नाव काढलं की तुम्ही उठून गच्चीवर जाता. आम्ही दोघंच बोलतो तिच्याबद्दल. दार लावून."

खरं होतं ते. आत्ताही त्यांचे पाय गच्चीकडेच वळत होते. त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"ते येणार नाहीत," ते म्हणाले.

"कोण?"

"कुणीच नाही येणार. मी परवा फोन करून नको म्हणून सांगितलं सगळ्यांना." एवढ्यावर थांबता आलं असतं. पण डबा अजून हातात होता. "तुझ्या नावानं सांगितलं. तुलाच बरोबर वाटत नाहीये, असं म्हणालो."

सुश्रुत उभा राहिला. "बाबा, ती सकाळी सहापासून..."

नूपुरनं फडकं उचललं, त्याची घडी घातली, परत उलगडली. मग अगदी हळू विचारलं, "माझ्या नावानं?"

"हो."

"म्हणजे त्या सगळ्यांना वाटत असेल की आईंची आठवण नको म्हणून मी त्यांना टाळलं." तिचे डोळे भरून आले. "मी पाच महिने विचार करत होते बाबा, काय केलं तर चालेल याचा... कुणाला विचारायची सोय नव्हती. आई असत्या तर त्यांना विचारलं असतं."

दिगंबररावांनी छत्तीस वर्षं बँकेत काम केलं, कुणापुढे मान खाली घालायची वेळ आली नव्हती. आता ती वर होत नव्हती. आपल्या दुःखाला त्यांनी असं कुलूप घातलं होतं की घरात दुसरंही कुणी रडत असेल हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"भर," ते शेवटी म्हणाले. "चारही डबे भर. मी नेऊन देतो. आणि खरं काय ते दारात उभा राहून सांगतो."

"मी सोडतो गाडीनं," सुश्रुत म्हणाला.

"नको. माझा मी जातो."

नूपुरनं चिमटा उचलला आणि इतक्या हौसेनं रचलेलं झाड एका बाजूनं मोडायला सुरुवात केली. द्राक्षं, चीज, संत्री, संदेश. गुरुदत्तांच्या डब्यात सलामी घातली, मीनाक्षीताईंच्या डब्यात अक्रोड जास्त घातले. कोण काय खातं हे तिला पाठ होतं.

मीनाक्षीताईंनी दारातच ऐकून घेतलं आणि "अहो, आत तरी या" म्हणाल्या, पण ते आत गेले नाहीत. श्यामलाताई रडल्या. सियालदहला गुरुदत्तांचं घर मेट्रोपासून जवळ होतं. तिथे गुरुदत्तांची म्हातारी आई ऐकू येत नाही म्हणून तीनतीनदा विचारत राहिली, आणि दिगंबररावांना "मी खोटं बोललो" हे तीनदा, मोठ्यानं, शेजारच्यांना ऐकू जाईल असं सांगावं लागलं. प्रत्येक घरी ते सांगणं अवघडच गेलं. सवय होईल असं वाटलं होतं, ती झाली नाही.

बालीगंजला पोचेपर्यंत पाच वाजत आले होते. प्रभाकर ऐकून खाली बघत राहिला. सुलभावहिनी मात्र बघत राहिल्या त्यांच्याकडेच.

"भाऊजी, तुम्ही आमच्या पोरीला वाईट ठरवलंत," त्या म्हणाल्या. "आणि आम्हीही शहाणे, लगेच खरं मानलं. दोन दिवस मी तिला नावं ठेवतेय."

"चूक माझी आहे, वहिनी."

"आहेच." त्यांनी डबा घेतला, आत गेल्या, आणि बऱ्याच वेळानं दुसराच डबा घेऊन बाहेर आल्या. "हा न्या. दोन वर्षं पडलाय माझ्याकडे. शकुननं यातून कैरीचं लोणचं दिलं होतं. रिकामा कसा द्यायचा म्हणून मीही ठेवूनच दिला होता, आणि मग ती..." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "गूळपोळ्या घातल्यात. माझ्या घरी गोडाला बंदी नाही. उद्या सकाळी आम्ही दोघं येतो, नूपुरला सांगा. बोलावलं नाही तरी येतो."

झाकणावर ठिपक्यांनी नाव होतं... सौ. शकुन दिगंबर. ट्रेनमध्ये बसल्यावर ते त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत राहिले, आणि एप्रिलनंतर पहिल्यांदा, समोर माणसं बसलेली असताना, रडले.

घराची किल्ली त्यांच्या खिशात होती. तरी त्यांनी बेल वाजवली, आणि पाहुण्यासारखे दारापासून दोन पावलं मागे उभे राहिले.

नूपुरनं दार उघडलं. तिनं आधी त्यांच्याकडे आणि मग डब्यावरच्या नावाकडे बघितलं. त्यांनी डबा दोन्ही हातांनी पुढे केला.

"उद्या सुलभा आणि प्रभाकर येताहेत," ते म्हणाले. "आणि हा तुझ्याकडे ठेव. परत कुणाकडे काय भरून पाठवायचं ते आता तू ठरव. मला सांगितलंस तर... मी उठून जाणार नाही."

तिनं डबा पोटाशी धरला. मग दारातून बाजूला झाली.

"हात धुऊन या, बाबा," ती म्हणाली. "चांदणी पार काळी पडलीय. पण तुमचं चीज मी बाजूला काढून ठेवलंय, सकाळपासून तुम्ही काही खाल्लं नाहीये."