डाव्या वळणाची कवचं

सकाळी साडेसातला फोन वाजला तेव्हा देवमन तायडे अकोल्यातल्या घरी गुडघ्याला तेल चोळत बसले होते.

"सर, माझी स्लाइड कोनं तरी बदलली. उद्या व्हायवा हाय." पौर्णिमाचा आवाज. त्यांची जुनी विद्यार्थिनी.

"बदलली म्हंजे? फुटली का?"

"नाई सर. नंबर माझाच, आतली कवचं दुसरीच. परीक्षक उद्या पाहतीन अन् म्हनतीन, पोरीनं थीसिसात खोटं लिवलं. पाच वर्सं गेली हो माझी!"

रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. विद्यापीठातल्या त्या लॅबचं तोंड पुन्हा पाहायची देवमन सरांना बिलकुल इच्छा नव्हती. तरी पोरगी रडत होती म्हणून एसटी धरली. बडनेऱ्यापर्यंत उभ्यानंच आले.

काम तसं डोळे फोडणारं. समुद्रतळाच्या गाळात फोरॅमिनिफेरा नावाच्या तरंगत्या जीवांची, वाळूच्या कणाएवढी जुनी कवचं असतात. गाळ चाळणीवर धुवायचा, ओल्या ब्रशानं एकेक कवच उचलून स्लाइडवर चिकटवायचं. मग कप्पे किती, तोंड कुठं, काठाला कंगोरा आहे का, यावरून जात ठरवायची. शिवाय वळण. गोगलगायीसारखं कुणी उजवीकडं वळतं, कुणी डावीकडं. पौर्णिमाचा सगळा थीसिस तेविसाव्या स्लाइडवर उभा होता: त्या थरातली कवचं डावी आहेत.

लॅबमध्ये पोचताच देवमन सरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. सगळी उजवी. जात मात्र अचूक, कंगोरेवाली. एकही परकं कवच नाही. आणि त्यांत तीन फिकट निळी.

कपाटाची किल्ली पौर्णिमाशिवाय तिघांकडं होती. देवमन सरांनी तिघांना वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला.

"हे निळं काहून?"

चाळण्या धुणाऱ्या माणिकबाई हसल्या. "अवो सर, थे त कचरा हाय. एक गाळ धुतला का चाळणी निळ्या रंगात बुचकळाची. जाळीत अडकलेलं निळं होते. पुढच्या गाळात पडलं त लगेच वळखू येते. मंग टाकाचं उरल्यासुरल्याच्या बरणीत. दोन वर्सं झाले, पौर्णिमा म्याडमनंच सुरू केलं."

पौर्णिमाच्याच विषयावर काम करणारा पियुष वैतागला. "सर, निळं म्हंजे मागच्या नमुन्याचं. त्याले ब्रशच लावाचा नसते. आमचं दोघाचं पटत नाई, मान्य. म्हून मले चोर ठरवता का?"

विभागप्रमुख डॉ. वामनराव गावंडे पौर्णिमाचे गाइड. त्यांनी फाइलीतून मान वर केली. "समुद्राचे क्षार चढतात रे देवमन. त्यात नवं काय?"

"चाळणीवर शेवटचे कवा बसले होते, वामनराव?"

"बारा वर्सं झाली असतीन. मीटिंगा, अहवाल. जीव नकोसा झाला, बावा."

दुपारी देवमन सरांनी सगळ्यांना लॅबमध्ये बसवलं. बोलायचाही कंटाळा आला होता, पण आता सुटका नव्हती.

"ज्यानं स्लाइड बदलली त्याले जात पक्की वळखता येते. माणिकबाईले थे जमत नाई. पियुषले जमते, पण पियुष निळ्या कवचाले हात लावणार नाई. मुद्दाम लावून सोताचा डाव कोन उघडा पाडते? मंग राहिला कोन? जात वळखनारा, पण इथली चाळणी दोन वर्सांत न पाहिलेला. त्यानं बरणीतून उजवी कवचं निवडली. निळं दिसलं, त्याले वाटलं क्षार असतीन." ते थांबले. "त्या थरात उजवीच कवचं हायेत असं अठरा वर्सांखाली छापून आलं होतं. वामनराव, तुमच्या नावानं."

वामनरावांनी शर्टाच्या खिशातून खरी स्लाइड काढून टेबलावर ठेवली.

"फेकाची हिंमत नाई झाली."

"सर, थीसिसवर त तुमचीच सही हाय!" पौर्णिमा ओरडली.

"न वाचता केली, पोरी. परवा परीक्षकाचा फोन आला, तवा वाचला."

देवमन सरांना त्यांचा राग यायला हवा होता. तीस वर्षांची दोस्ती होती. नुसतं वाईट वाटलं.

पौर्णिमानं डोळे पुसले आणि स्लाइड मायक्रोस्कोपखाली सरकवली. "बसा सर. पाहा."

वामनराव बसले. सवयीच्या हातानं फोकस फिरवला. "डावं," ते म्हणाले. थोड्या वेळानं, "हेही डावं." मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अठरा वर्सांखाली घाईत मी उताणी चिकटवली होती. पोटाकडून पाहिलं त डावं थे उजवं दिसते."

"उद्या परीक्षकासमोर हेच म्हनसान?" देवमन सरांनी विचारलं.

"म्हनतो."

पौर्णिमानं कोरा कागद त्यांच्यापुढं ठेवला. "आताच लिवून द्या सर. तुमच्या उद्यावर माझा भरोसा नाई राहिला."

वामनरावांनी पेनाचं टोपण काढलं.