पलंगाखालचा लंबू

दुपारी भेटीची वेळ झाली, तशी ती डबा आणि धुतलेले कपडे घेऊन वॉर्डात आली. नवरा बांधकामाच्या परांचीवरून पडल्याला महिना होत आला होता. कमरेचं हाड सांधलं, पण पायांत जीव काही येईना. डॉक्टर म्हणत, धीर धरा. धीर धरून धरून तिचे हात दुखायला लागले होते.

"लंबू आजही आला होता," नवरा म्हणाला.

डबा उघडता उघडता ती थांबली. लंबू म्हणजे त्याचा कामावरचा जोडीदार. रिव्हर्स घेणाऱ्या एका ट्रकने परांचीला धडक दिली आणि दोघं एकदमच कोसळले. नवरा वाळूवर, लंबू विटांवर. लंबू जागीच गेला. इतक्यात हे पेशंटला कळू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि ती बिचारी रोज हसतमुखाने खोटं बोलत होती.

"कुठे बसले होते भाऊजी?"

"पलंगाखाली. वर ये म्हटलं तर येत नाही. नुसता ठोकत बसतो."

या दोघांची रीत तिला ठाऊक होती. यंत्रांच्या गोंगाटात हाक ऐकू जात नाही, म्हणून लंबू खालून सांधे आवळायचा आणि पान्याने पाईपावर दोनदा ठोकायचा. म्हणजे फळी पक्की, टाक पाय.

फिनेलच्या वासातून ओल्या सिमेंटचा वास येऊ लागला. तिने पलंगाचा लोखंडी दांडा घट्ट धरला.

ठक… ठक…

दांडा तळव्यात थरथरला. तिने वाकून पाहिलं. खाली नुसती पुसलेली फरशी होती. पळून जावंसं वाटलं, पण नवऱ्याला टाकून जाणार कुठे?

"पाय टाक म्हणतोय…" नवरा पुटपुटला. "कसा टाकू गं…"

"टाका ना," ती कुजबुजली. "भाऊजींनी कधी कच्च्या फळीवर बोलावलंय का तुम्हाला?"

त्याने डोळे मिटले. कपाळावर घाम फुटला. चादरीखाली उजव्या पायाचा अंगठा हलला, मग पुन्हा हलला. ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. तिच्या हाकेसरशी आलेली नर्स पायाचा तळवा दाबून बघून डॉक्टरांना बोलवायला धावली.

"उपकार झाले, भाऊजी," ती खाली वाकून हळूच म्हणाली. "आता विसावा घ्या."

सिमेंटचा वास हळूहळू पलीकडे सरकला. समोरच्या पलंगावर सकाळीच एक रंगारी आणला होता, तोही परांचीवरून पडलेला, अजून शुद्धीवर न आलेला. उशाशी बसलेली त्याची आई एकदम दचकली.

"खालून कोण ठोकतंय, बाई…?"

"घाबरू नका, मावशी," ती म्हणाली. तिच्याही अंगावर काटा आला होता. "आपलाच माणूस आहे."