घोंगडीतली बाटली

पुण्याहून नगरला निघालेल्या एस.टी.त पुष्पावती पदराआड काहीतरी जपून बसली होती. शेजारच्या तरुणाने खिडकीची काच ओढून घेतली आणि हळूच विचारलं, "बाळ झोपलंय का?"

तिला हसू आवरेना. पदराआड एक चपटी बाटली होती, आणि आत काचेला चिकटून वाढलेल्या मेंढीच्या जिवंत पेशी. "बाईच्या जातीला हे झेपायचं नाही," असं ऐकवूनच नगरच्या प्रयोगशाळेतल्या शामकांत सरांनी तिला पुण्याहून पेशी आणायची ही एक संधी दिली होती. पेशी उबेत जगल्या तर प्रयोग तिचा. मेल्या तर पुन्हा आपलं बाटल्या धुणं!

एकाहत्तर सालच्या जानेवारीतली बोचरी सकाळ, आणि सुप्याला गाडी बंद पडली. पुष्पावतीचे हात गारठले... तिला रडू यायचंच बाकी होतं.

तो तरुण सोनईचा गोरक्ष, पाण्याच्या इंजिनाचा सुटा भाग घेऊन गावी निघालेला. "द्या इकडं," तो म्हणाला, "थंडीतलं कोकरू आमी असंच जगवतो." बाटली आडवी सदऱ्याच्या आत गेली, वरून घोंगडी. दोन तास गडी हलला म्हणून नाही. चहा आला, पण त्याचे हात कुठे मोकळे? शेवटी तिनेच बशी त्याच्या ओठांना लावली. तो चहाकडे सोडून भलतीकडेच बघत होता, त्यामुळे निम्मा सांडला.

"ह्या पेशी करत्यात काय?"

तिने सांगितलं. एका औषधात गंधकाचे दोन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. जिवंत पेशी ती जोडी सोडवतात, आणि बिनरंगी पाणी पिवळं होतं.

"म्हंजी जोड्या मोडायचं काम."

"काम पेशींचं. मी नुसती बघते."

"आमच्याकडं तेवढं न्हाई बघत..."

"बघतेय की — बाटली तिरकी झालीय."

दुसऱ्या गाडीने नगर आलं. निकाल लागल्याशिवाय गोरक्ष जायला तयार नव्हता. तोही प्रयोगशाळेत आला. पुष्पावतीने पेशी धुतल्या, ते औषध घातलं. शेजारी पेशी नसलेली तशीच दुसरी बाटली ठेवली. सर घड्याळ धरून उभे. दहा मिनिटं... वीस... काही नाही. मग पेशींच्या बाटलीत लिंबाच्या सालीची छटा उतरली आणि बघता बघता गडद झाली. दुसरी तशीच स्वच्छ राहिली.

पुष्पावतीची मान आपसूक ताठ झाली. हे तिने करून दाखवलं होतं.

"शाब्बास," सर म्हणाले. "पण ऊब टिकवली कशी?"

"ह्यांनी छातीशी धरली बाटली."

सरांनी चष्म्यावरून घोंगडीकडे पाहिलं. "हे कोण?"

"मी... गाडीतला —" गोरक्ष चाचरला.

"हे सोनईचे गोरक्ष," ती आवाज न उतरवता म्हणाली. "रविवारी संगमनेरला आमच्या घरी मागणी घालायला येणार आहेत."

गोरक्ष हे पहिल्यांदाच ऐकत होता. त्याने घोंगडी खांद्यावर नीट केली.

"सकाळच्या गाडीनं," तो म्हणाला.